कूर्मसेवा आणि आपला किनारा

शिक्षण पुरे झाल्यावर, नोकरीत शिरण्यापूर्वी काही आठवडे परदेशी जाऊन तेथील सागरी कासवांच्या संवर्धनकार्यात स्वखर्चाने राबावे, अशी आकांक्षा अंधेरी-मुलुंडकडील काही सुशिक्षित तरुणांच्या मनात हल्ली मूळ धरू लागली आहे. आणि ज्या वयात द्रव्यार्जनाचाच ध्यास लागायचा, त्या वयात एका मूक प्राण्याच्या रक्षणार्थ रात्री जागवाव्यात असे वाटणे, ही गोष्ट मला निःसंशय अभिनंदनीय वाटते. कोस्टारिकातील तोर्तुगेरो हे या कार्याचे आद्यपीठच म्हटले पाहिजे. आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात तेथे हिरव्या कासवांना खुणेचे बिल्ले लावून त्यांच्या सागरभ्रमणाचा मागोवा घेण्यास आरंभ केला, आणि आज देशोदेशींचे स्वयंसेवक त्या पुळणीवर गस्तीला येतात. परंतु तिकडे जाण्याचा बेत करणाऱ्याने प्रथम कोकणातील वेळासची हकीकत समजून घ्यावी. कारण अशा कार्यात बाहेरून आलेल्या माणसाचे स्थान नेमके कोणते, याचा उलगडा तेथे फार स्वच्छपणे होतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीलगत वसलेले वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ साली समुद्रगरुडांची पाहणी करीत या किनाऱ्याने हिंडत असता, वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफले आढळली. घरटी उकरून अंडी खावयाची अथवा विकावयाची, ही कोकणच्या किनाऱ्यावरील जुनी वहिवाट. माणसांच्या हातून जी सुटत, ती कुत्री व कोल्हे फस्त करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवास पहिल्या अनुसूचीत घालून सर्वोच्च अभय दिलेले आहे खरे. पण मध्यरात्री निर्जन पुळणीवर त्या कायद्याचा अंमल करावा कोणी? संस्थेने यावर काढलेला मार्ग मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. तिने ग्रामस्थांस विश्वासात घेतले, त्यांच्यातूनच ‘कासवमित्र’ उभे केले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवून येणाऱ्या पाहुण्यांच्या निवास-भोजनाची तजवीज गावातल्याच घरांमध्ये केली. ज्या अंड्यांची किंमत पूर्वी बाजारात ठरे, ती सुरक्षित राहण्यात गावाचे हित आहे, ही गोष्ट उपदेशाने पटली नसती इतकी प्रत्यक्ष अनुभवाने पटली.

कासवमित्राचे काम दिसावयास साधे, पण करावयास मोठे जोखमीचे. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागल्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाच्या भाराने ती जागा दाबून टाकते, आणि परत जाते ती मागे वळून न पाहण्यासाठीच. पिल्लांचे पुढे काय होते हे तिला कधीच कळत नाही. पहाटे तिच्या पावलांचा माग काढीत कासवमित्र त्या जागी पोहोचतो, हाताने वाळू उपसून अंडी काढतो, घरट्याची खोली मोजतो आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तितकाच खोल खड्डा करून ती पुरतो. हे सारे काही तासांच्या आत उरकावे लागते. कारण त्यानंतर आतील गर्भ कवचाच्या वरच्या अंगास चिकटू लागतो, आणि मग अंडे नुसते उलटे झाले तरी तो दगावण्याचे भय असते. पुढले पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूची ऊबच दाईचे काम करते. आणि आत नर वाढावा की मादी, याचा निर्णयही त्या उष्णतेनेच होतो. वाळू अधिक तापली तर माद्या निपजतात, थंड राहिली तर नर. पृथ्वीचे तापमान वाढत असता ही गोष्ट किती चिंतेची आहे, हे निराळे सांगावयास नको.

पिल्ले बाहेर पडली, की त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि ती वाळूवरून स्वतः चालत समुद्रात जातात. पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे उभे राहावयाचे, पिल्लास हात लावावयाचा नाही, कॅमेऱ्याचा झोत टाकावयाचा नाही. कारण नवजात पिल्लू उजेडाच्या रोखाने चालते, आणि आकाशाचा समुद्रावरील उजाळा सोडून जर दिव्याच्या मागे लागले तर ते वाट चुकते. दुरून आलेल्या तरुणास ही बंदी प्रथम कष्टाची वाटते, हे मी समजू शकतो. परंतु सेवेची खरी दीक्षा त्यातच आहे, असे मला वाटते. वर्षानुवर्षे पहाटेची फेरी घालणारा गावकरी हाच या कार्याचा धनी. त्याच्या घरी राहावे, त्याचा नियम पाळावा, त्याच्याबरोबर चालावे, नोंदी ठेवण्यास हातभार लावावा, एवढेच पाहुण्याचे काम, आणि ते लहान नव्हे.

उपनगरवासीयांच्या वाट्यास मात्र याहून मोठे काम आलेले आहे. अंधेरीच्या पश्चिमेस असलेल्या वर्सोव्याच्या चौपाटीवरील कचऱ्याचे ढिगारे उपसण्यास अफरोज शाह या वकिलांनी २०१५ च्या ऑक्टोबरात आरंभ केला, शेकडो नागरिक आठवड्यामागून आठवडे त्यांच्यासमवेत राबले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. आणि असा राखलेला किनारा दूरच्या कासवांच्याही उपयोगी पडतो, कारण कासवाला आपला-परका मुलूख ठाऊक नाही: २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरास अंडी घालताना सापडली, तेव्हा बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये ही जनावरे ये-जा करतात याचा साक्षात पुरावाच अभ्यासकांच्या हाती आला.

महोत्सवाचे दिवस संपून पावसाळा लागला, की खवळलेल्या समुद्रातून जाळ्यांत गुरफटलेली, वल्ही तुटलेली, अर्धमेली कासवे किनाऱ्यास लागतात. वर्सोवा, मार्वे अथवा गोराईस फिरावयास गेलेल्याच्या दृष्टीस असे कासव पडले, तर त्यास दया येऊन पुन्हा पाण्यात लोटू नये. थकलेले कासव पोहू शकत नाही, आणि फुप्फुसांनी श्वास घेणारा तो जीव बुडून मरतो. त्यास सावलीत ठेवावे, कुत्र्यांपासून राखावे, अंगावर ओले फडके घालावे, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवाव्यात, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर तात्काळ वर्दी द्यावी. अशा जखमी कासवांच्या शुश्रूषेचे केंद्र डहाणूस आहे. आणि तेथे पोहोचण्यास फार लांब जावे लागत नाही: बोरिवलीच्या फलाटावरून सुटणारी उपनगरी गाडी थेट डहाणू रोडपर्यंत जाते.