मोजमाप पुस्तक आणि आपल्या मुली

बांधकामाच्या जागेवर स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आल्या आहेत. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलींच्या आयांनी व आज्यांनी घमेली वाहिली, खडी फोडली, स्लॅबच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत माल वर पोहोचविला. आठवड्याअखेर टेप लावून किती काम झाले हे ठरविणारा मात्र दुसराच कोणी असे. त्याने वहीत जे लिहिले ते मुकादम मान्य करी आणि त्यावर साऱ्या टोळीची मजुरी ठरे. त्या टेपच्या आणि वहीच्या पाठीमागे एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे व तो आपल्या मुलींच्या आवाक्यातला आहे, हे सांगण्यासाठी हा लेख. लिहिणाऱ्या आम्ही, या विद्यालयातून बाहेर पडून स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळलेल्या काही माजी विद्यार्थिनी. कोणी शासकीय खात्यात आहोत, कोणी ठेकेदाराच्या कचेरीत, कोणी सल्लागारांकडे.

या कामाचे रूढ नाव क्वांटिटी सर्व्हेअर. आपल्याकडच्या जाहिरातींत ते नेहमीच आढळेल असे नाही. खासगी कंपन्या बिलिंग इंजिनिअर किंवा एस्टिमेशन इंजिनिअर म्हणून जागा काढतात. शासकीय बांधकाम खात्यात हेच काम कनिष्ठ अभियंत्याच्या इतर कामांत मिसळलेले असते. 'सर्व्हेअर' म्हटल्याबरोबर पुष्कळ पालकांना शेताची हद्द दाखविणारा मोजणीदार आठवतो. तो भूमी अभिलेख खात्याचा, आणि त्याचा मार्ग निराळा. आमची माणसे जमीन मोजत नाहीत, काम मोजतात: पाया किती खोदला, भिंत किती चढली, सळई किती बांधली आणि त्याचे पैसे किती झाले.

काम सुरू होण्यापूर्वी नकाशावरून अंदाजपत्रक करावे लागते. प्रत्येक बाबीचे परिमाण काढायचे, दरसूचीतला दर लावायचा आणि दरसूचीत नसलेल्या बाबीचे दरविश्लेषण स्वतः मांडायचे. निविदा आल्या की त्यांची तुलना, काम चालू असताना टप्प्याटप्प्याची बिले, ठरल्याहून जास्त झालेल्या कामाचा हिशेब आणि शेवटी अंतिम बिल. तंटा लवादापुढे गेलाच, तर याच कागदांवर निर्णय होतो.

गणित अवघड नाही, पण ते सावधपणे करावे लागते. आतून ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद अशी एक वर्गखोली घेऊ. भिंती २३ सेंटीमीटरच्या. चारही भिंतींची बाहेरून लांबी घेऊन बेरीज केली तर २३.८४ मीटर भरते. पण अशाने चारही कोपरे दोनदा मोजले जातात. भिंतीच्या मध्यरेषेने मोजले की खरी लांबी २२.९२ मीटर येते. आता त्या खोलीवरचा स्लॅब पाहा. बाहेरच्या मापाने क्षेत्रफळ सुमारे ३५.२७ चौरस मीटर, जाडी १२.५ सेंटीमीटर, म्हणजे ४.४१ घनमीटर काँक्रीट. १ : १.५ : ३ प्रमाणाला घनमीटरमागे सिमेंटची साधारण ८ पोती लागतात, तेव्हा ३५ पोती झाली. जाडी एकच सेंटीमीटर कमी ठेवली, तर जवळजवळ तीन पोती सिमेंट आणि त्यासोबतची वाळू-खडी वाचते. काँक्रीट एकदा ओतले की ही चोरी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सळईचा व्यास, दोन सळयांतले अंतर, सेंटरिंगची पातळी हे सारे काँक्रीट पडण्याआधी स्वतः वर चढून तपासायचे आणि लिहून ठेवायचे. सळईचे वजन काढण्याची रीत दहावीच्या मुलीलाही एका मिनिटात कळेल: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरमागे किलोग्रॅम मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅम भरते.

काय मोजायचे आणि काय सोडायचे, याचे नियम भारतीय मानक १२०० मध्ये आहेत. ते मानक रूक्ष वाटते, पण त्यामागे मोठा शहाणपणा आहे. गिलाव्याचेच पाहा. भिंतीतले भोक अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल तर काहीच वजा करायचे नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-दारासाठी भिंतीची एकच बाजू वजा करायची, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात गवंड्याला चौकटीच्या कडा हाताने घोटाव्या लागतात. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजायच्या. कडा घोटण्याच्या श्रमाचा मोबदला गवंड्याला मिळावा, एवढा विचार या नियमात आहे. तो ठाऊक नसलेला माणूस दोन्ही बाजू वजा करतो आणि गवंड्याचे नुकसान होते. गावाकडे माती-मुरूम अजून ब्रासमध्येच बोलतात. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास, २.८३ घनमीटर. दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, नाहीतर ट्रॅक्टरवाला हमखास फसवतो.

मोजमाप पुस्तकाची पाने छापील क्रमांकांची असतात. त्यात खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. जिची सही, तिची जबाबदारी. या नोकरीतली खरी कसोटी इथे आहे. न झालेले काम झाले म्हणून लिहा, पुढच्या महिन्यात भरून काढू, असा आग्रह कधी गोड शब्दांत होतो, कधी दरडावून. आमच्यापैकी एकीने एका रस्त्याच्या कामावर खडीकरणाची जाडी कमी भरल्याने सही नाकारली. आठ दिवसांत तिला कचेरीतल्या टेबलावर बसविले गेले. 'मुलीला उन्हात कशाला पाठवायचे?' असे कारण सांगण्यात आले. कनवाळूपणाच्या नावाखाली होणारी ही अडवणूक ओळखायला शिकले पाहिजे.

टेबलाचा हा प्रश्न मोठा आहे. मुलींना एक्सेल चांगले येते, अक्षर नीट असते, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून आकडेमोडीला बसवितात. पालकांनाही ते सुरक्षित वाटते. पण जिने सेंटरिंगवर कधी पाऊल ठेवले नाही, तिच्या आकड्यांना साइटवरचा कोणीही आव्हान देऊ शकतो, आणि पदोन्नतीच्या वेळी 'अनुभव नाही' एवढे शब्द पुरतात. आमचे स्पष्ट मत असे की पहिली दोन-तीन वर्षे साइट मागून घ्यावी. पालकांनी अशा वेळी मुलीला घरी बोलावून घेऊ नये. राहण्याची जागा, येण्याजाण्याची सोय आणि साइटवर स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय आहे की नाही, याची चौकशी मात्र जरूर करावी. शौचालयाचा उल्लेख स्मरणिकेत कोणाला अप्रशस्त वाटेल. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या मुलींची दुखणी आम्ही पाहिली आहेत, म्हणून लिहितो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने प्रत्येक जागेवर ही सोय करणे मालकावर बंधनकारक केले होते. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी, हा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. नेमणूकपत्र हाती नसेल तर हे हक्क मागताना नाकी नऊ येतात. ते पहिल्याच दिवशी मागावे.

या वाटेने पूर्वी स्त्रिया गेल्या आहेत. लंडनची सर्व्हेअरांची संस्था १८६८ साली स्थापन झाली. तिची पहिली स्त्री सदस्य आयरीन बार्क्ले १९२२ मध्ये झाली आणि पुढे तिने लंडनच्या गरीब वस्त्यांतील घरांची पाहणी केली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत यांनी १९५३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली व पुढे सुट्या भागांतून जोडता येणाऱ्या पुलांची रचना केली. केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात पी. के. थ्रेसिया १९७१ मध्ये मुख्य अभियंता झाल्या.

शिक्षणाची वाट फार खर्चाची नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची स्थापत्य पदविका घेता येते. अंदाजपत्रक हा विषय त्यातच असतो, आणि तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता शिकू नये. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो किंवा नोकरी करता येते. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पदवीनंतर याच विषयाचे विशेष शिक्षण घ्यायचे तर पुण्यात १९८३ मध्ये सुरू झालेली निकमार ही संस्था आहे. शुल्क जड आहे, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी. आखाती देशांत या कामाला मोठी मागणी असते. पण तिथे करारनाम्याचे इंग्रजी अस्खलित वाचता आले पाहिजे, आणि आपल्या मुली गणितात नव्हे, इथे अडखळतात. वसतिगृहात रोज संध्याकाळी निविदेचे एक पान मोठ्याने वाचावे. दोन वर्षांत फरक दिसेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी ते दहावीच्या मुलींना घेऊन आम्ही वसतिगृहाचे स्वयंपाकघर टेपने मोजणार आहोत: फरशी, ओटा, गिलावा, खिडक्या. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मुलींनी करावे व ते संस्थेच्या कार्यालयात सादर व्हावे, असे ठरले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे ३० मीटरचा टेप, जुनी दरसूची किंवा पूर्ण झालेल्या एखाद्या इमारतीचे नकाशे असतील, त्यांनी ते त्यापूर्वी विद्यालयात पोहोचवावेत. टेप दोन लागतील.