जेवण घरी, खाणं बाहेर

मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला कुठे काय खायचं हे सांगायला लोक टपलेले असतात. फोर्टातले इराणी, महंमद अली रोडवरचे कबाब, माटुंग्याची उडपी हॉटेलं, गिरगावातलं पियुष. ही यादी माहीम-सायनपाशी येऊन दमते. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख माणसं होती, म्हणजे चारातले तीन मुंबईकर माहीमच्या खाडीपलीकडे, उपनगरात राहतात. ते संध्याकाळी कुठे जातात, याची दखल फारशी कोणी घेत नाही.

हे मुंबईपुरतंच आहे असंही नाही. मोरोक्कोतल्या मराकेशला गेलेला प्रवासी तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, जमा एल फना नावाच्या चौकात धुराच्या लोटांत बसून जेवतो आणि तेवढ्यावर परततो. फ्रेंचांनी १९१२ मध्ये तो देश ताब्यात घेतला आणि लगेच तटाबाहेर गेलीझ ही नवी वस्ती आखायला घेतली. रुंद रस्ते, कॅफे, पेढ्या. आज तिथल्या नोकरदारांची ऊठबस मुख्यतः याच भागात असते. बायकांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण देऊन पायावर उभं करणाऱ्या अमल या संस्थेचं उपाहारगृहही गेलीझमध्येच आहे.

आपलं गेलीझ शोधायचं तर मुलुंडला उतरावं. क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी १९२२च्या सुमारास मुलुंड कागदावर आखलं. पाच रस्ता हा पश्चिमेचा चौक आणि त्याभोवतीचे सरळ रस्ते ही त्याच आखणीची शिल्लक. घाटकोपर, अंधेरी १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. मुलुंड, बोरिवली १९५७ मध्ये. जुन्या शहराच्या मानाने ही सगळी नवी वस्ती. तिथली खाण्याची रीतही म्हणूनच वेगळी पडली.

गिरणगावात गडी एकटा यायचा. बायको-पोरं कोकणात नाहीतर घाटावर. त्याला दोन वेळचं पोटभर जेवण हवं असायचं, म्हणून लालबाग-परळला घरोघरी खानावळी उभ्या राहिल्या. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, इतका तो धंदा मोठा होता. उपनगरात माणूस राहायला आला तो बिऱ्हाड घेऊन. स्वयंपाकघर आधी लागलं, मग दिवाणखाना. जेवायला बाहेर जाण्याचं कारणच नव्हतं. पण सात सत्तावीसची गाडी पकडून गेलेला माणूस संध्याकाळी परतल्यावर घरच्यांना घेऊन पाय मोकळे करायला निघे आणि त्याला काहीतरी चटकमटक लागे. उपनगरातल्या बहुतेक खाऊगल्ल्या या एका गरजेवर जगतात. दुपारी बारा वाजता तिथे गेलात तर शटरं दिसतील.

घाटकोपर पूर्वेची वल्लभबाग लेन हा याचा सगळ्यात ठळक नमुना. वस्ती गुजराती आणि जैन, म्हणून गल्ली जवळपास पूर्ण शाकाहारी. इथला जिनी डोसा बनताना उभं राहून बघावा. तव्यावर पीठ पातळ पसरलं की लोण्याचा लगदा पडतो, त्यावर बारीक चिरलेला कोबी, सिमला मिरची, बीट, शेजवान चटणी, पावभाजीचा मसाला. मग डोसेवाला पावभाजीचाच ठोकणा घेऊन हे सगळं डोशावर चेचतो, वर किसणीने चीजचा पाऊस पाडतो, गुंडाळतो, कात्रीने नाहीतर सुरीने तुकडे करतो आणि ते ताटलीत उभे मांडतो. बाजूला खोबऱ्याची चटणी असते, पण ती जुन्या ओळखीखातर. माझ्या मते हा डोसा राहिलेलाच नाही, ही डोशाच्या पोटातली पावभाजी आहे. उडुपीच्या कोणा आचाऱ्याने पाहिलं तर तो कपाळावर हात मारेल. तरी चवीला नाव ठेवता येत नाही.

त्याहून खरी कारागिरी जैन पावभाजीत आहे. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर जमिनीखालचं म्हणून नाही. मग भाजीला अंग यायचं कुठून? तर उकडलेल्या कच्च्या केळ्यातून. केळं चेचलं की बटाट्यासारखं मिळून येतं, टोमॅटो आणि वाटाणे जास्त घातले की लसणाची उणीव बरीचशी झाकली जाते. नेकीचा गाडीवाला जैन भाजीचा तवा आणि उलथणं वेगळं ठेवतो. गिऱ्हाईक आधी तेच बघून घेतं. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, म्हणून तशी मंडळी उजेडातच येऊन जातात. पर्युषणात तर हिरव्या भाज्याही वर्ज्य, मग वरची कोथिंबीरसुद्धा गायब. गल्लीत बसून पावभाजी खायची नसेल तर घाटकोपर पूर्वेलाच अचिजा हे हॉटेल आहे.

मुलुंडला हीच तऱ्हा कच्छी वळणाने दाबेलीकडे जाते. दाबेली मूळची कच्छातल्या मांडवीची. चांगल्या दाबेलीत मसाला शेंगदाणा दाताखाली कुरकुरीत लागला पाहिजे आणि डाळिंबाचे दाणे मोजण्याइतके कमी नसावेत.

मराठी वस्तीने आणखी एक गोष्ट रूढ केली, तिला कोणी खाऊगल्लीत धरत नाही: पोळीभाजी केंद्र. पार्ले पूर्व, मुलुंड पूर्व, बोरिवली, दहिसर. संध्याकाळी गाडीतून उतरलेल्या बायका घरी जाता जाता पोळ्या, एखादी उसळ, कोशिंबीर, शुक्रवारी पुरणपोळी घेतात. वरणभाताचा कुकर घरी लागतो, तेवढ्यावर ‘घरचं जेवण’ म्हणायची सोय होते. बायका नोकरीला लागून दोन पिढ्या लोटल्या आणि घरातल्या पुरुषांना पोळी लाटता आली नाही, त्या पोकळीवर हा धंदा उभा आहे. पाहुण्याने तिथे मुद्दाम जावं असं काही नाही, पण मराठी घरात रोज काय शिजतं ते चाखायचं असेल तर मराठी थाळीचं झगमगीत हॉटेल सोडून इथली अळूची भाजी आणि गरम पोळी घ्यावी.

मासे खायला मात्र मराठी माणूस सहकुटुंब बाहेर पडतो. सोसायटीत शेजारी शाकाहारी असला की घरात बोंबील तळणं म्हणजे कुरबुर. हॉटेलांच्या पथ्यावर पडलेली ही गोष्ट उघड बोलली जात नाही. पार्ले पूर्वेच्या हनुमान रोडवरचं गजाली हे यातलं बडं नाव. तिसऱ्यांचं सुकं, बोंबील फ्राय, सोलकढी. तारीख बघून जावं हे बरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई-पापलेटं बहुधा बर्फातली. श्रावणात हॉटेलं ओस आणि त्याआधी गटारीला दारात रांग. नारळी पौर्णिमेनंतर थोडे दिवस जाऊ द्यावेत, मग ताजं मिळायला लागतं. हिवाळ्यात वर्सोवा कोळीवाड्याचा सीफूड महोत्सव भरतो, तिथे कोळणी स्वतः चूल मांडतात. तेवढी कोळी चव हॉटेलात येत नाही, कारण हॉटेलवाल्यांना नारळाचा मोह सुटत नाही.

बोरिवली पश्चिमेची आयसी कॉलनी ही वेगळीच दुनिया. गोवेकर, मंगळूरकर आणि ईस्ट इंडियन. हे ईस्ट इंडियन इथल्याच गावठाणांतले, घरी मराठीची एक बोली बोलणारे ख्रिस्ती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी हे नाव घेतलं. त्यांचा बॉटल मसाला वर्षाचा एकदम कुटून काचेच्या बाटल्यांत भरतात. फुग्या आणि सोरपोतेल हॉटेलात क्वचित मिळतं; ओळख काढून घरगुती ऑर्डर द्यावी लागते, नाताळसाठी तर बरीच आधी. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी बाभई नाक्यावर मंगेशचा वडापाव खावा.

राहिली अंधेरी. इथे वरचा सगळा हिशेब उलटतो. सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ मध्ये आलं, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या जागी पुढे काचेची ऑफिसं आली. पश्चिमेला यारी रोड, चार बंगला, लोखंडवाला इथे सिनेमा-मालिकांत नशीब काढायला आलेली पोरं चौघं मिळून एक खोली घेऊन राहू लागली. म्हणजे पुन्हा एकटा माणूस आला, आणि त्याच्यामागून जेवणही. महिन्याचे डबे, दुपारच्या राइस प्लेटी, रात्री एकलाही गरम मिळणारी दाल खिचडी. गिरणी कामगाराची खानावळ इथे मोबाइलवर आली आहे. फरक इतकाच की तिथे उधारीची वही होती आणि खानावळवाली बाई पोराचा चेहरा बघून वाढायची.

अंधेरीतली जुनी चव हवी तर स्टेशनच्या पश्चिमेला मेरवानचा मावा केक आहे, सकाळी लवकर गेलात तर. आणि जुहू स्कीममध्ये रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये नॅचरल आइस्क्रीम सुरू केलं, तेव्हा नुसतं आइस्क्रीम खायला कोण येणार म्हणून सोबत तिखट पावभाजी ठेवली होती. तिखटाने तोंड भाजलं की गिऱ्हाईक सीताफळाकडे, हापूसकडे वळायचं. पुढे पावभाजी गेली, आइस्क्रीम राहिलं.

२०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागली, तोवर पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जेवायला जाणं म्हणजे दादरचा वळसा नाहीतर रस्त्यावरची कोंडी. आता घाटकोपरची पोरं शनिवारी वर्सोव्याला जातात आणि अंधेरीची जिनी डोशासाठी उलट्या दिशेने येतात. रविवारी संध्याकाळी वल्लभबागला जायचं असेल तर सातच्या आत पोहोचा आणि गाडी घरी ठेवा.