संगणक निवडतो, जबाबदारी माणसाची

तेलशुद्धीकरण कारखान्यातील पाइपांचे जाळे आता संगणकावर आखले जाते. अभियंता पाइपची दिशा वळवतो आणि वळणावर एल्बो आपोआप बसतो. ही निवड होते कशी? आतून वाहणारा पदार्थ, त्याचा दाब व तापमान पाहून अभियंत्यांनी प्रत्येक पाइपलाइनसाठी मान्य भागांची यादी आधीच ठरवलेली असते. तिला 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. पाइप ८ इंची आणि वळण ९० अंशांचे, एवढे कळताच सॉफ्टवेअर त्या यादीतील एल्बो शोधते आणि कॅटलॉगमधून त्याची मापे घेते. मात्र यादीत धातूच चुकला, तर चित्र पाहून ते कळत नाही. कारण साध्या आणि मिश्र पोलादाचे एल्बो मापाने सारखेच असू शकतात.

हे साम्य किती महागात पडते, हे २८ जुलै २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे दिसले. बीपी कंपनीच्या तेथील कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी मिश्र पोलादाच्या एल्बोच्या जागी साध्या पोलादाचा एल्बो बसवला गेला होता. उष्ण, उच्च दाबाच्या हायड्रोजनमुळे तो कमकुवत होऊन फुटला आणि आग भडकली. यादी बिनचूक करणे आणि बसवलेल्या भागाचा धातू प्रत्यक्ष तपासणे, ही दोन्ही कामे म्हणूनच माणसाला टाळता येत नाहीत.