मेंझचा मेंढा आणि सणाचा बाजार

इथिओपियाच्या राजधानीच्या ईशान्येस मेंझ नावाचा उंच, थंड मुलूख आहे. २,५०० मीटरांहून अधिक उंचीच्या या पठारावर जवाचे पीक कधी पावसाअभावी, तर कधी गोठविणाऱ्या थंडीने हातचे जाते. मग रोकड आणणारे साधन उरते ते घरची मेंढरे. मुलांच्या वह्या, खताचे पोते, औषधपाणी, सारा भार त्यांच्यावरच.

येथे एक उलटाच न्याय चालत आलेला आहे. जे नर कोकरू सर्वांत जोमाने वाढते ते सर्वांत आधी बाजारात जाते, कारण त्याचाच पैसा लवकर होतो. मागे राहतो तो खुरटलेला, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. शेतकऱ्याला हे कळत नाही असे मानणे हा आपणा शिकल्यासवरलेल्यांचा अहंकार होय. एकट्याने चांगला मेंढा राखला, तर सामाईक कुरणात त्याचा लाभ सर्वांना आणि खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या माथी, हे तो पुरते जाणतो.

परदेशी अवासी मेंढे आणून संकर करण्याचे सरकारी प्रयत्न झाले. खेडोपाडी त्यांचा प्रसार मर्यादितच राहिला. २००९च्या सुमारास संशोधन संस्थांनी निराळी वाट धरली. गावाने आपल्याच कळपांच्या नोंदी ठेवाव्यात, उत्तम नर समितीने निवडावेत व सामाईक निधीतून राखून आळीपाळीने फिरवावेत. मेंझप्रमाणेच बोंगा व होरो या जातींतही ही पद्धत रुजली. बोंगा भागातील सहकारी संस्था तर पैदाशीचे मेंढे बाहेर विकू लागल्या.

बाजाराचे कोडे मात्र याहून अवघड आहे. तेथील ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरपूर्वी ५५ दिवस मांस वर्ज्य असते. तेव्हा मागणी ओसरते आणि सण जवळ येताच भाव चढतो. परंतु सण पाहून विकण्याची ऐपत गरजवंताला कोठून असणार? शिवाय सौदा वजनावर नव्हे, नजरेच्या अंदाजावर. पायी हाकत आणलेले जनावर माघारी नेणे जिवावर येते, हे व्यापारी ओळखून असतो. नूगच्या पेंडीवर (हा नूग म्हणजे आपला कारळा) तीनेक महिने पोसून गावाने एकत्र विक्री करावी, हा तज्ज्ञांचा सल्ला रास्तच आहे. तथापि तेवढे दिवस घर चालविण्यापुरते कर्ज त्याच सहकारी संस्थेतून मिळाले पाहिजे, आणि तिच्या दारात एक वजनकाटाही हवा.