कर्जदाराचे हक्क आणि ग्रामसभा

नाशिक जिल्ह्यातील पेठ हा आदिवासीबहुल तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भात-नागलीच्या लावणीसाठी घेतलेले कर्ज तोंडी व्यवहारावर राहिले, तर फेड किती झाली हे कर्जदारास शाबीत करता येत नाही. त्याचे खरे संरक्षण कागदात आहे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्यास ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवानाधारक सावकारानेही कर्जाचे विवरणपत्र व प्रत्येक परतफेडीची पावती दिली पाहिजे. चक्रवाढ व्याज आकारण्यास मनाई आहे. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हाही गुन्हाच होय. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या कर्जपुरवठ्यावरील नियंत्रणाचा अधिकार पंचायतींना व ग्रामसभेस देण्याची तरतूद केली आहे. म्हणूनच ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे नियम ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि पावती मागण्याची सवय गावात रुजवावी.