कुंपण लावताना आधी पोरं-शेरडं आठवा

दरवर्षी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडायच्या, डोक्यावर आणायच्या, हातात काटे मोडून घ्यायचे आणि पुढच्या पावसात ते कुंपण कुजून जायचं. हे काम बाईच्याच वाट्याला. म्हणून आमच्या गटाने परसबागेला जिवंत कुंपण लावायचं ठरवलं.

पहिल्यांदा चुकलो. झटपट वाढतो म्हणून मोगली एरंड लावला. फांदी खोचली की फुटते, शेळी तोंड लावत नाही, पाणी फारसं लागत नाही. पण बी विषारी. वस्तीवरच्या दोन पोरांनी शेंगदाण्यासारखं खाल्लं आणि रात्रभर उलट्या. पोरं बरी झाली, आम्ही एरंड उपटला. कुणी असं बी खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका, बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. शेराचंही तेच. त्याचा चीक डोळ्यात गेला की डोळ्याला इजा होते. घराजवळ, अंगणवाडीजवळ ही दोन्ही नकोत.

आता आम्ही करवंद लावली आहे. बारमाही हिरवी, काटेरी, दुष्काळात तग धरणारी, वर लोणच्याला कच्ची करवंदं. वाढते मात्र सावकाश. बी ताजंच लागतं. पिकल्या फळातलं काढून, धुऊन लगेच पिशवीत लावायचं, ठेवून दिलं तर उगवण कमी होते. लांबच्या बांधाला निर्गुडी चालते. फांदीपासून येते, शेळी सहसा खात नाही, पाला शेकायला होतो. काटा नाही एवढीच उणीव. सागरगोटा दाट काटेरी खरा, पण पसरतो, त्यामुळे पायवाटेला नको. त्याचं कवच टणक, दगडावर घासून रात्रभर भिजवलं तर लवकर रुजतं.

पहिला चांगला पाऊस झाला की हातभर रुंद चर काढा, शेणखत घाला. करवंदीच्या दोन ओळी, रोपांत दीड फूट. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या फटीसमोर. गुडघ्याएवढं झालं की शेंडा छाटा. जीव तुटतो हो, पण न छाटल्यास झाड वर जातं, खाली मोकळं राहतं आणि शेळीला दारच मिळतं. कोवळी रोपं शेरडं खातात, म्हणून पहिली दोन वर्षं बाहेरून काटेरी फांद्या लावाव्याच लागतात. आणि बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा, दोन हात आत लावा. भावकीतली भांडणं कुंपणावरूनच पेटतात.

आमच्या करवंदीचं हे तिसरं वर्ष. मावळतीच्या कोपऱ्यात अजून हातभर फट आहे, तिथं यंदाही बाभळीची फांदी रोवली आहे.