सात किलो : अंक एक, अर्थ दोन

सहा महिन्यांची एक बालिका आणि एक वर्षाची दुसरी. दोघींचे वजन ७ किलो. रुग्णपत्रिकेतील अंक एकच. तथापि पहिलीच्या मातेस आश्वस्त करावे, तर दुसरीच्या आहाराची व अग्नीची चौकशी तत्काळ करावी, अशी स्थिती असते. हा भेद अंकात नसून समवयस्कांमधील त्याच्या स्थानात आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रमाणपरीक्षा सांगताना शरीराचे माप ज्याच्या त्याच्या अंगुलांनी घ्यावे, असा निर्देश आहे. माप सापेक्ष असते, ही दृष्टी वैद्यांस नवी नाही. तेथे मापदंड स्वतःचे शरीर. संख्याशास्त्रात तो समवयस्कांचा समूह.

हे स्थान दोन प्रकारे सांगता येते. पहिला शततमक, म्हणजेच पर्सेंटाइल. शंभर समवयस्क बालिकांपैकी आपल्या बालिकेहून कमी वजनाच्या किती, हे तो दर्शवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार सहा महिन्यांच्या मुलींचे मध्यक वजन ७.३ किलो, तर वर्षाच्या मुलींचे ८.९ किलो आहे. त्यामुळे पहिली सुमारे ३७ व्या शततमकावर येते, दुसरी केवळ दुसऱ्या. पालक यास परीक्षेचे गुण समजतात. ३७ वा शततमक म्हणजे ‘काठावर पास’ नव्हे, हे त्यांना समजावून सांगावे.

दुसरा प्रकार झेड-स्कोअर. मध्यापासूनचे अंतर तो प्रमाण विचलनाच्या एककात देतो. दुसऱ्या बालिकेचा स्कोअर सुमारे उणे २ आहे. उणे २ च्या खाली कमी वजन, उणे ३ च्या खाली, म्हणजे या वयात ६.३ किलोपेक्षा कमी असल्यास, तीव्र कमी वजन मानतात. उणे ३ आणि उणे ४ ही दोन्ही स्थाने पहिल्या शततमकाच्याही खाली जातात. अतिकृश बालकांतील तरतमभाव झेड-स्कोअरच स्पष्ट करतो.

‘आपली मुले मूळचीच लहान चणीची’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. ही मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुपोषित बालकांवरून सिद्ध झाली असून त्यांत दिल्लीची बालकेही आहेत.

एका मापाने स्थिती कळते, क्रमशः घेतलेल्या मापांनी गती. पन्नासाव्या शततमकावरून दहाव्यावर घसरलेले बालक ‘सामान्य’ मर्यादेत असूनही चिंतेचे कारण ठरते. दहाव्यावर स्थिर राहून वाढणारे बहुधा नाही. म्हणून वैद्यमित्रांनी रुग्णपत्रिकेत वजनासमवेत वय, लिंग व झेड-स्कोअर यांची नोंद प्रत्येक भेटीत करावी.